सही नसलेलं कार्ड

रविवारी दुपारची जेवणं उरकली आणि आबांनी खिशातलं पेन काढून टेबलावर ठेवलं.

"आण ते कार्ड," ते सूनबाईला म्हणाले. "काम मी केलंय, सही मी करतो. त्यात एवढं डोकं धरून काय बसायचं?"

कार्ड तिच्या मांडीवरच्या फाइलीतच होतं. तिने ते काढलं नाही.

आठवडाभर ती हाच क्षण टाळत आली होती. उद्या सकाळी विमान वाहतुकीच्या नियामक कार्यालयाचे निरीक्षक हँगरवर, म्हणजे घरच्या विमानांच्या शेडवर, येणार होते. ते आले की नोंदींच्या खोलीत बसत, कपाटातून मनाला येईल ती फाइल उपसत आणि विचारत, हा पार्ट कुठून आला, कुणी बसवला, कुणी तपासला. तोंडी उत्तर चालत नसे. प्रत्येक कामाचं जॉब कार्ड, त्यावर काम करणाऱ्याची सही, तपासणाऱ्याची सही, पार्टच्या सर्टिफिकेटचा नंबर. एवढं जुळलं तरच विमान उडण्यालायक. सूनबाई लग्न होऊन या घरात आली तेव्हा त्या खोलीत नुसती खोकी होती आणि खोक्यांत उंदीर. आबा स्वतः उत्तम इंजिनियर, पण लिहायचा कंटाळा. विमान दुरुस्त झालं की त्यांच्या लेखी काम संपलं. ती खोली तिने एकटीने उभी केली होती, आणि मागच्या तपासणीत निरीक्षकांना तिथे बोट ठेवायला जागा सापडली नव्हती.

आणि आता तिच्याच कपाटातून हे कार्ड निघालं होतं. दोन इंजिनांच्या छोट्या विमानाचं. दूरच्या वस्त्यांमधले रुग्ण शहरातल्या इस्पितळात आणणारं हे विमान तिचा धाकटा दीर चालवायचा. पंख धडाला धरून ठेवणारे बोल्ट ठरावीक तास उडाल्यावर बदलावे लागतात. डावीकडचे आणि उजवीकडचे असे दोन्ही संच बदलायचं हे कार्ड. बोल्ट स्टोअरमधून गेल्याची नोंद होती. कार्डावर मात्र एकही सही नव्हती.

ते काम झालं त्या, दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात सूनबाई इथे नव्हती. माहेरी तिची आई अंथरुणाला खिळली होती, तिच्या उशाशी ती शेवटपर्यंत बसली. तिच्या जागी कुणाला तरी बसवायचं म्हणत राहून गेलं. परत आल्यावर तिने साठलेल्या कार्डांचा ढीग पाहिला, वरच्या पानावर विमान सेवेत सोडल्याची आबांची ठसठशीत सही पाहिली, आणि खालचं एकेक कार्ड उलटून पाहिलं नाही. आबांची सही होती. या घरात तेवढं पुरायचं.

"आबा, आजच्या तारखेने सही चालणार नाही," ती म्हणाली. "तुम्ही इंजिनियरचा परवाना परत केलाय. आणि मागची तारीख मी घालू देणार नाही."

"म्हणजे मी काम केलं नाही, असं तुझं म्हणणं."

"मी तसं म्हटलं नाही."

"मग काय म्हणतेस?"

तिने शक्य तितक्या हळू आवाजात सांगितलं. विमान आपणच आज जमिनीवर ठेवू. उद्या सकाळी पंखाच्या मुळाशी असलेलं आवरण काढू, बोल्ट बाहेर काढून बघू, नंबर जुळले की नवं कार्ड करू आणि निरीक्षकांना जसं आहे तसं सांगू.  विमान जमिनीवर म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. इस्पितळांच्या करारावर दुसरी एक कंपनी डोळा ठेवून होती, आणि कराराबरोबर या घराची निम्मी कामं जाणार होती.

आबांनी पेन उचलून पुन्हा खिशाला लावलं. ते उठले, खुर्ची नीट आत सरकवली आणि पडायला आतल्या खोलीत गेले. राग आला की ते वस्तू फार जपून ठेवत.

दार लागलं तसा धाकटा वहिनीकडे वळला. विमानात बसायला तो शिकला तो आबांच्या मांडीवर, हँगरमध्ये उभ्या असलेल्या, इंजिन उतरवलेल्या एका जुन्या विमानात. बाकीच्यांना आबा कमी बोलणारे वाटत. धाकट्याशी ते तासन्‌तास बोलत, पण फक्त स्क्रू, तेल आणि वारा यांबद्दल. त्या माणसाला त्याच्याच टेबलावर कुणी केलेलं काम सिद्ध करून दाखवा म्हणावं, हे त्याला सहन होईना.

"वहिनी, त्या पंखांच्या भरवशावर मी उडतो," तो म्हणाला. "मला शंका नाही, तर तुला का आहे?"

"मला शंका आहे असं नाही रे. पण तुझा विश्वास मी कुठल्या रकान्यात लिहू?"

"काम झालं तेव्हा तू तिथे नव्हतीस. तू जागेवर असतीस तर हे कार्ड रिकामं राहिलंच नसतं."

बोलताना त्याला कळत होतं की हा घाव कुठे बसणार. तो तिथेच बसला. वहिनीने फाइल मिटली आणि तिची कड अंगठ्याने सरळ करत राहिली. क्षणभर त्याला बरंही वाटलं. पुढे कितीतरी दिवस त्या बरं वाटण्याचीच त्याला लाज वाटत राहिली.

त्याने ताईकडे पाहिलं. ताई थोरल्या भावापेक्षा लहान आणि त्याच्यापेक्षा मोठी. दुसऱ्या शहरात मोठ्या इस्पितळात नर्स होती आणि खास या तपासणीपायी काल संध्याकाळी आली होती. मी कुणाच्या बाजूने बोलायला आलेली नाही, असं तिने आल्याआल्या जाहीर केलं होतं. आता ती म्हणाली की एका कागदासाठी आबांना या वयात दुखवू नये. पण हे ती कुणाच्या तोंडाकडे न बघता बोलली.

राहिला थोरला, वहिनीचा नवरा. धंदा आता तो बघायचा आणि इंजिनियरचा परवानाही त्याच्याकडे होता. धाकट्याने त्याला सरळ विचारलं, काम चाललं होतं तेव्हा तू हँगरमध्ये होतास ना. थोरला म्हणाला, होतो, शेजारच्या विमानावर. आबांना डाव्या पंखाखाली काम करताना पाहिलंय.

"आणि उजव्या?" वहिनीने विचारलं.

"तेवढ्यात मला बाहेर जावं लागलं." मग तो जरा चिडून म्हणाला, "आबा एक बाजू करून दुसरी तशीच सोडतील का?"

 तिघं भावंडं एका बाजूला आणि वहिनी फाइल धरून दुसऱ्या बाजूला, असं टेबल आपोआपच विभागलं गेलं.

थोरल्याने बायकोला मागच्या अंगणात बोलावलं. दोरीवरचे कपडे वाळले होते. तो एकेक चिमटा काढून देऊ लागला आणि ती कपड्यांच्या घड्या घालू लागली. त्यांची अवघड बोलणी नेहमी अशीच काहीतरी हातात घेऊन होत. त्याने समजुतीच्या सुरात सांगितलं की काम करणाऱ्याची सही आबा करतील, तपासणाऱ्याची मी करतो. तुझ्या सहीचा प्रश्नच नाही. तू फक्त कार्ड फाइलला लाव.

ती म्हणाली की तुझी सही तू कर, मी तुझा हात धरणार नाही. पण ते कार्ड मी फाइलला लावणार नाही, आणि उद्या निरीक्षकांनी विचारलं तर खरं काय ते सांगेन.

इतक्या वर्षांच्या संसारात थोरल्याला पहिल्यांदाच तिची भीती वाटली. ती चिडली असती तर त्याला निभावता आलं असतं. ती चिडलेली नव्हती. तिने त्याच्या शर्टाची कॉलर नेहमीसारखी आत दुमडली आणि शर्ट घडीवर ठेवला.

"मग या घराचं वाटोळं करायचं तू ठरवलंयस," तो म्हणाला.

तिने उरलेले कपडे गोळा केले आणि ती आत गेली. थोड्या वेळाने तोही आला.

भावंडांच्या आईने हे सगळं स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकलं. भांडी केव्हाच घासून झाली होती. ती नुसतीच नळ सोडून उभी होती. हँगरच्या भानगडीत ती कधी पडली नव्हती. तिथे काय चालतं हे तिला आबांकडून कळे, आणि आबा सांगत तेवढंच कळे. निदान त्या हिवाळ्यापर्यंत तसं होतं.

तिने नळ बंद केला. हात पुसत ती बाहेर आली आणि आबांच्या खुर्चीत बसली. तिथे ती कधी बसत नसे. मुलांच्या ते लक्षात आलं आणि बोलणं थांबलं.

"उघडा तो पंख," ती म्हणाली.

धाकटा काही बोलायला गेला, तिने त्याला हाताने थांबवलं. आतल्या खोलीच्या दाराकडे एकदा पाहून तिने आवाज उतरवला.

"त्या हिवाळ्यात हे संध्याकाळी घरी आले की मला विचारायचे, आज मी काय काम केलं. मला वाटलं, थट्टा करतात. मग एक दिवस बघितलं तर डोळ्यांत पाणी होतं."

 मग धाकट्याने विचारलं, तू हे आम्हाला का सांगितलं नाहीस. आई म्हणाली की कुणाला सांगायचं? तिकडे ह्यांचं नाव होतं. त्या नावावर तुम्ही सगळे उभे होतात. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते अगदी पहिल्यासारखे असायचे, मला वाटायचं गेलं, परत येणार नाही.

"तेव्हापासून मी ते विमान चालवतोय, आई."

"यांनी कुठल्या विमानाला हात लावला, मला काय कळणार होतं रे?" आई म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून बसली.

ताई उठून तिच्यामागे जाऊन उभी राहिली. आबा फोनवर एकच गोष्ट दोनदा विचारतात हे तिच्या लक्षात आलं होतं. असे म्हातारे ती वॉर्डात रोज पाहायची आणि त्यांच्या मुलांना सांगायची की हे अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवा. आपल्या बापाच्या बाबतीत मात्र दोन वर्षं ती दर वेळी नुसता फोन ठेवून दुसऱ्या कामाला लागली. तिने हे बोलून दाखवलं नाही. ती एवढंच म्हणाली की वहिनीचं बरोबर आहे. थोरला खाली बघून मान हलवत होता. तो होकार होता की त्यालाही काही आठवत होतं, ते सूनबाईला कळलं नाही. तिने विचारलंही नाही. आपलं म्हणणं मान्य झालं याचा तिला तिळभरही आनंद झाला नाही.

सोमवारी सकाळी विमान जॅकवर चढलं. निरीक्षक वेळेवर आले तेव्हा सूनबाईने त्यांना दारातच गाठून कार्ड हातात दिलं आणि सगळं सांगितलं, आबांच्या आजारासकट. निरीक्षक शांत, अबोल गृहस्थ होते. त्यांनी हातातला जेवणाचा डबा खाली ठेवला आणि ते पंखाखाली येऊन उभे राहिले.

थोरल्याने डावीकडचं आवरण काढलं. बोल्ट नवे, नंबर बरोबर. बोल्ट घट्ट केला की आबा त्यावरून लाल रंगाची बारीक रेघ ओढत, म्हणजे पुढे बोल्ट जरा जरी फिरला तरी रेघ मोडलेली दिसे. डाव्या पंखावरची रेघ छापल्यासारखी होती. धाकट्याने सुस्कारा सोडला. थोरल्यालाही वाटलं की आई उगाच घाबरली, आपण उगाच घाबरलो. तो उजवीकडे गेला आणि आवरण काढलं. तिथेही रेघ होती. त्याने बॅटरी जवळ नेली. रेघ विटलेली होती, तपकिरी झालेली, कितीतरी वर्षांपूर्वीची.

त्याने बोल्ट काढले. तिसरा बाहेर आला तेव्हा तो पुसून त्याने उजेडात धरला आणि काही न बोलता निरीक्षकांकडे दिला. डोक्याखालच्या गळ्याशी केसाएवढी भेग होती, जवळजवळ अर्ध्यापर्यंत गेलेली.

धाकटा शिडीच्या पायरीवर बसला. मागच्याच आठवड्यात त्याने एका बाळंतिणीला वादळी वाऱ्यातून आणलं होतं. तो ते कुणाला सांगत नव्हता, नुसता तळहाताकडे बघत होता. निरीक्षकांनी बोल्ट पिशवीत घालून त्यावर चिठ्ठी लावली. मग ते थोरल्याला म्हणाले की भरलेलं कार्ड समोर ठेवलं असतंत तर मी बहुधा पान उलटून पुढे गेलो असतो.

थोरल्याने बायकोकडे पाहिलं नाही. त्याला पाहवलं नाही.

एवढ्यात आबा आले. सकाळी चालत हँगरवर यायची सवय होती, आणि आज त्यांना अडवून धरायला आईला जमलं नव्हतं. ती मागून धापा टाकत येत होती. उघडा पंख बघून ते थांबले. त्यांनी थोरल्याला विचारलं, काय निघालं. थोरला जॅककडे बघून काहीतरी पुटपुटला. मग त्यांनी सूनबाईला विचारलं.

"डावीकडे तुमचं काम आहे, आबा," ती म्हणाली. "उजवीकडचे जुनेच आहेत. एकाला भेग गेलीय."

त्यांनी हात पुढे केला. निरीक्षकांनी क्षणभर विचार करून पिशवीतला बोल्ट त्यांच्या हातावर ठेवला. आबांनी तो डोळ्यांजवळ नेला नाही. नख फिरवून भेग चाचपली.

"हे कोण चालवत होतं?"

"मी, आबा," धाकटा म्हणाला.

आबा त्याच्याकडे बघत राहिले. चेहरा हळूहळू ओसरत गेल्यासारखा झाला.

"मी दोन्ही बाजू केल्या," ते म्हणाले. "मला अजून आठवतंय. उजवीकडे वाकायला त्रास झाला, तेसुद्धा आठवतंय."

त्यांच्या हातातून बोल्ट कुणी घ्यायचा, ते कुणालाच समजेना. शेवटी आईने घेतला.

उजवीकडचा नवा संच त्याच दुपारी सापडला, आबांच्या लॉकरमध्ये हातमोज्यांच्या मागे, पाकीट न फोडलेलं. थोरल्याने तोच बसवला, सूनबाईने शेजारी उभं राहून कार्ड भरून घेतलं आणि निरीक्षकांनी तपासलं. कंपनीचा परवाना टिकला, पण त्या हिवाळ्यापासून आबांनी सही केलेलं प्रत्येक काम पुन्हा उघडायची अट पडली. विमानं महिनोन्‌महिने हँगरमध्ये उभी राहिली. बाकी कुठे काही निघालं नाही. इस्पितळांचा करार मात्र त्या दुसऱ्या कंपनीकडे गेला, आणि काही दिवसांनी करारामागोमाग धाकटाही गेला. त्याला उडायचं होतं, आणि इथे उडायला काही नव्हतं. जाण्याआधी तो नोंदींच्या खोलीत आला, दाराशी घुटमळला. काही बोलायचं होतं, ते जमेना. शेवटी म्हणाला, "तिथल्या फाइली बघितल्यास ना वहिनी, तुला झोप यायची नाही." ती हसली. दोघांनीही ती माफी समजून घेतली.

थोरल्याची माफी तेवढी सोपी नव्हती. अंगणातलं ते वाक्य त्याने दोन-तीनदा परत घ्यायचा प्रयत्न केला. प्रत्येक वेळी ती म्हणायची, जाऊ दे, तू काळजीपोटी बोललास. पण कपडे काढायला ती आता एकटीच जायची, आणि तोही तिच्या मागे जायचा नाही.

ताईने आबांना मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि जाताजाता म्हणाले की थोडं लवकर आणायला हवं होतं. हेच वाक्य ताईने स्वतः किती जणांना ऐकवलं होतं. परतीच्या वाटेवर आबा गाडीत झोपले आणि ती खिडकीबाहेर बघून रडत राहिली.

आबा बोल्टची गोष्ट विसरले. पण ती सकाळ कुठेतरी आत राहिली असावी, कारण हँगरच्या मोठ्या दारापर्यंत येऊन ते थबकत, आत पाऊल टाकत नसत. का, ते त्यांनाच सांगता येत नसे. मग बाजूच्या दाराने सूनबाईच्या खोलीत येऊन बसत. ती फाइली चाळायची, ते खिडकीतून धावपट्टी बघायचे. आणि अधूनमधून, आजच आठवल्यासारखं, विचारायचे, तो पंख उघडला का?

पहिल्या वेळी तिने सगळं खरं सांगितलं. त्यांचं काम, त्यांना कळायला हवं, असं तिला वाटलं. त्यांचा चेहरा त्या सकाळसारखाच ओसरला. दुसऱ्या वेळीही तिने सांगितलं, आणि त्यांनी पुन्हा विचारलं, हे कोण चालवत होतं. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत, आणि का जेवत नाही ते आईला सांगू शकले नाहीत.

तिसऱ्या वेळी तिने पेन खाली ठेवलं.

"उघडला, आबा. दोन्हीकडे नवे बोल्ट आहेत."

"आणि कार्ड?"

"भरलंय. सह्यासुद्धा आहेत."

त्यांनी समाधानाने मान हलवली. "मी तुला तेव्हाच सांगत होतो. उगाच शंका घेतलीस."

सूनबाईने खिडकीबाहेर पाहिलं. धावपट्टीवर कुणाचं तरी विमान उतरत होतं.

"हो आबा," ती म्हणाली. "चुकलं माझं."

"असू दे," आबा म्हणाले, आणि तिच्या हातावर हात ठेवला. "कामात होतं असं कधीकधी. मनाला लावून घेऊ नकोस."